गोळ्यांचं विसर्जन

अंजलीला किळस फार लवकर यायची. दुधावरची साय ओठाला लागली तरी तिचा चेहरा आंबायचा, आणि बसमध्ये शेजारच्यानं घसा खाकरला की ती जागा सोडून उभी राहायची. अशा मुलीच्या नशिबी काढा यावा, हा नशिबानं केलेला चावटपणाच म्हणायचा. पावसाळ्यापासून नाशिक रोडच्या त्यांच्या घरात काढ्याचा वास मुक्कामाला आला होता आणि पाहुणा काही हलायचं नाव घेत नव्हता. गुळवेलीच्या कांड्या पातेल्यात भिजत पडायच्या, त्यांच्यावर बुळबुळीत तवंग धरायचा. सकाळी त्यात अडुळसा, तुळस, दालचिनी आणि कसल्याशा काळ्या मुळ्या पडून ते रटरटायला लागलं की टॉवेलापासून पोह्यांपर्यंत सगळ्याला तो दर्प चिकटायचा.

हा उद्योग तिच्या वडिलांचा, सहादूबाबांचा. घरात दोघंच. आई वारलेली, धाकटा संघर्ष पुण्याला नोकरीत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाबा दिवसभर खिडकीत बसून रस्त्याकडे बघायचे, ते अंजलीला बघवत नव्हतं. म्हणून तिनंच त्यांना सकाळी बागेत फिरायला पाठवलं. बाबा बागेत गेले आणि काढा घेऊन परत आले.

आता ते रोज पेलाभर काढा घशाखाली उतरवायचे, लांबलचक ढेकर द्यायचे आणि समाधानानं म्हणायचे, "गंज निघतोय."

शी! अंजली चहाचा कप घेऊन गॅलरीत निघून जायची.

गंजाची कल्पना दीपकसरांची. हे सर म्हणजे कुठल्या शाळेचे सर नव्हेत. आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, मग प्लॉट विकले, मग विमा विकला, आणि माणूस विकायच्या वस्तू बदलत गेला की त्याला आपोआप सर म्हणतात तसे ते सर झाले. बागेतल्या पिंपळाच्या पारावर त्यांनी 'गंजमुक्त परिवार' काढला होता. लोखंडाला हवेनं गंज चढतो तसा तो माणसाच्या शरीरालाही चढतो, बीपी, शुगर, गुडघे ही सगळी गंजाचीच पोरं, आणि काढा प्याला की गंज उतरतो, असं ते सांगायचे. तरुण असताना बाबांनी देवदेवस्कीला आणि अंगारेधुपाऱ्याला सगळ्या गल्लीच्या आधी हाकलून लावलं होतं. पण हे तर सायन्स होतं ना! सायन्सपुढे बाबा कायम हात जोडायचे.

आणि ह्यातली खरी गंमत, म्हणजे अंजलीच्या जिवावर उठलेली गंमत अशी, की दीपकसरांचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. अंजली एका फार्मसी कॉलेजात शिकवायची आणि तिचा अभ्यासच ह्या विषयावर होता. एक जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात तुळशीचं नाहीतर गुळवेलीचं पाणी घालायचं आणि रंग किती उतरतो ते मोजायचं. रंग जितका फिका, तितकी त्या वनस्पतीत पेशींची झीज अडवायची ताकद जास्त. पण ही ताकद काचेच्या नळीतली. पोटात गेल्यावर त्यातलं रक्तात किती पोचतं, तिथं जाऊन ते काय करतं, कुणाला उपयोगी आणि कुणाला बाधक, हे शोधण्यात माणसांचे जन्म जातात. दीपकसरांनी ते एका आठवड्यात उरकलं होतं.

एका शनिवारी ती बाबांचा विसरलेला मोबाइल द्यायला बागेत गेली. पारावर वीस-पंचवीस ज्येष्ठ मंडळी बसली होती. कुणाचं पोट आज कसं साफ झालं ह्याची चर्चा ऐन रंगात होती, आणि एक गृहस्थ तर रंगासकट वर्णन करत होते. अंजलीनं नाकाला ओढणी लावली. दीपकसरांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण टाकून ते गर्द जांभळं केलं, आणि "हा तुमच्या रक्तातला गंज!" असं म्हणून वरून लिंबू पिळलेला काढा ओतला. जांभळा रंग बघता बघता उतरला आणि पाणी पिवळट झालं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. गेले तीन महिने रोज हेच बघून रोज टाळ्या वाजवणारी माणसं ती!

तेवढ्यात तिची नजर मागच्या फ्लेक्सवर गेली. फ्लेक्सवर ती स्वतः होती. पांढरा कोट, हातात परीक्षानळी, आणि खाली लाल अक्षरांत: 'संशोधक कु. अंजली यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध!' कॉलेजच्या कार्यक्रमात काढलेला तो फोटो घरी भिंतीवर होता. तो इथं कुणी पोचवला हे विचारायची गरजच नव्हती, कारण फ्लेक्सच्या खाली बाबा उभे होते आणि शेजारच्याला बोटानं दाखवत होते, "ही माझी पोरगी."

तिच्या अंगावर शिसारी आली. पण बाबांचा चेहरा एवढा फुलला होता, की तिनं नुसता मोबाइल त्यांच्या हातात ठेवला.

"अगंबाई, अंजली ना तू?" लताबाई पुढे आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मऊ आवाजाच्या, सगळ्यांना हवंनको विचारणाऱ्या. "आमच्या सहादूभाऊंचा उद्या सत्कार आहे बरं का. गोळी-विसर्जन! तू यायलाच हवंस."

"कसलं विसर्जन?"

लताबाईंनी कौतुकानं समजावून सांगितलं. परिवारात एक प्रथा होती. काढ्यानं गंज उतरलेला सभासद दर रविवारी आपल्या गोळ्यांची पाकिटं आणायचा, पाणी आणि झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेल्या तांब्याच्या घंगाळात बुडवायचा, आणि पुन्हा गोळीला शिवणार नाही असं सगळ्यांसमोर म्हणायचा. मग शाल, श्रीफळ आणि काढ्याचा पहिला पेला त्याचा. गणपती बुडवावा तशा ही माणसं रक्तदाबाच्या गोळ्या बुडवत होती, आणि वर 'पुढच्या वर्षी येऊ नका' असं म्हणून हसत होती!

अंजली तडक घरी निघाली. गेल्या वर्षी बाबांची जीभ बोलताना अचानक अडखळली होती आणि डावा हात लुळा पडला होता. वेळेत दवाखाना गाठला म्हणून निभावलं. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, पुढचा झटका एवढा सौम्य नसेल, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. तिनं घरी येऊन बाबांचा गोळ्यांचा डबा उघडला. ह्या महिन्याची पाकिटं जशीच्या तशी होती.

संध्याकाळी बाबांपुढे तिनं ती पाकिटं आदळली.

"कधीपासून बंद केल्या?"

"झाले पंधरा-वीस दिस," बाबा म्हणाले. "काय झालं का मला? हाय तसा हाय की."

"बाबा, बीपी वाढलेलं कळत नाही. कळतं तेव्हा माणूस जमिनीवर असतो."

"तूच तर नळीत रंग उडवती. मंग?"

"नळीत उडतो, बाबा! नळीला मेंदू नसतो, नळीला झटका येत नाही. टपरीवरचा चहा ओतला तरी तो रंग उतरेल. काढा प्या हवं तर, पण डॉक्टरांना विचारून, आणि गोळी घेऊन. मी काय तुळशीच्या विरुद्ध आहे का?"

बाबांनी पाकिटं गोळा करून डब्यात ठेवली. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "अंजे, काढ्याचं मला काय बी नाय गं. कडूजहर लागतो. पण उभी नोकरी झाली, डबा मी एकट्यानं खाल्ला. कुणी नको म्हणलं नाय, पण कुणी ये बी म्हणलं नाय. हिते लताबाई सोताच्या हातानं पेला भरून देत्यात. ते तहसीलदारसाहेब, रिटायर झालेले, ते माझा उष्टा पेला इसळून त्यातनंच पित्यात. सहादूभाऊ म्हणत्यात मला. तुझ्या गोळीनं हे व्हतं का?"

अंजलीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. दीपकसरांची तिला पालीपेक्षा जास्त किळस वाटली, कारण ह्या माणसानं तिच्या बापाची भूक बरोबर हेरली होती आणि त्या भुकेपुढे हे कडू पाणी ठेवलं होतं.

पण अंजली हट्टी होती, आणि रागावलेल्या हट्टी माणसाला युक्ती सुचते ती बहुधा वाईटच सुचते. बाबा झोपायला गेल्यावर ती मोरीत गेली. जेवणाची भांडी विसळलेलं पाणी टोपात साठलं होतं. त्यात आमटीचे अंश होते, भाताची शितं होती आणि काढ्याच्या पातेल्याचा तळ होता. ओकारी दाबत तिनं ते दोनदा फडक्यातून गाळलं, त्यात लिंबू पिळलं आणि बाटलीत भरलं. ते दिसायला हुबेहूब काढ्यासारखं दिसत होतं. उद्या ह्याच पाण्यानं तो जांभळा रंग उतरवायचा आणि मग सगळ्यांना सांगायचं, की बघा, तुम्ही कशाला टाळ्या वाजवता ते. ह्या माणसांना अक्कल समजावून येणार नव्हती. किळसच यायला हवी होती.

रविवारी बाग सजली होती. घंगाळात झेंडू तरंगत होता. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, आणि आपली पोरगी आपण न बोलावता आली म्हणून ते हरखून गेले होते. दीपकसरांनी माइकवरून गंजाचं प्रवचन दिलं. लताबाईंनी बाबांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. बाबांनी खिशातून पाकिटं काढली, अंजलीकडे बघायचं टाळलं, आणि ती पाण्यात सोडली. टाळ्या कडाडल्या.

"आता आपल्या संशोधक ताई दोन शब्द बोलतील," दीपकसर म्हणाले. आयतं गिऱ्हाईक चालून आल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"बोलते," अंजली म्हणाली. "आधी प्रयोग करते. हा माझा काढा." तिनं पिशवीतून बाटली काढली आणि ग्लासातल्या जांभळ्या पाण्यात ओतली. रंग डचमळला, विटकरी झाला, आणि बघता बघता पार उतरला. दीपकसरांच्या काढ्यापेक्षाही लवकर.

"वा!" तहसीलदारसाहेब म्हणाले. "ह्याला म्हणतात अभ्यास!"

टाळ्या थांबेनात. अंजलीनं बाटली टेबलावर ठेवली आणि माइक हातात घेतला. माइकनं कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. दीपकसर धावले, वायर हलवू लागले, बटण दाबू लागले. तीही त्यांच्याबरोबर त्या माइकशी झटापट करत राहिली, आणि तिची पाठ टेबलाकडे झाली.

माइक सुरू झाला. "गावाकडे विहिरीत हेच औषध टाकतात," ती बोलू लागली. "पाण्याला गुलाबी रंग टिकला तर पाणी चांगलं. रंग उडाला, तर समजायचं पाण्यात घाण आहे. मी जे ओतलं ते—"

बोलता बोलता ती वळली. सत्कारमूर्तीचा पहिला पेला असतो, ही परिवाराची प्रथा तिला काल लताबाईंनीच सांगितली होती आणि ती साफ विसरली होती. बाबांनी टेबलावरची बाटली उचलून पेला भरला होता. सगळ्यांकडे अभिमानानं बघत, आपल्या पोरीचा काढा म्हणून, त्यांनी तो तोंडाला लावला होता आणि एका दमात संपवला होता. आता ते मिशा पुसत होते.

"बाबा!" ती माइकवरच किंचाळली. "पिऊ नका! मोरीचं पाणी आहे ते! भांडी विसळलेलं!"

कुणाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मंडळी अशी मागे सरली की जणू पेला त्यांच्याच तोंडाला लागला होता. "शी शी शी!" कुणीतरी म्हणालं. पोटाचं रंगासकट वर्णन करणारे ते गृहस्थ काही न पिता बाजूला जाऊन थुंकले. एका बाईंनी पदर तोंडावर घेतला. तहसीलदारसाहेबांनी ट्रेमधला आपला पेला हळूच उचलला आणि लांब कठड्यावर नेऊन ठेवला.

अंजलीला हीच किळस हवी होती. फक्त ती दीपकसरांच्या काढ्याची यायला हवी होती. पण सगळ्यांच्या नजरा बाबांकडे होत्या, शाल पांघरून हातात रिकामा पेला धरलेल्या माणसाकडे. हसू अजून त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

"डॉक्टरांना बोलवायचं का?" कुणीतरी विचारलं.

तेव्हा लताबाई पुढे झाल्या. घाबरलेल्या वर्गाला शांत करावं तसा दोन्ही हातांनी त्यांनी सगळ्यांना धीर दिला. त्यांच्या आवाजात तिळमात्र राग नव्हता, होती ती माया.

"काही होत नाही हो. उगाच घाबरू नका. आपल्याला झालं असतं काहीतरी. त्यांना चालतं. त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते."

दोघांतिघांनी माना डोलावल्या. तेही खरंच, असं कुणी पुटपुटलं. एकही माणूस चमकला नाही, एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मोरीच्या पाण्याची आली नव्हती एवढी किळस अंजलीला आता आली. लताबाईंच्या तोंडावर काहीतरी फेकावं म्हणून ती शब्द शोधत होती, आणि तिला जाणवलं की ती बाटली इथं आणणारी आपणच आहोत. तिला स्वतःच्या हातांचीही घाण वाटली.

बाबांनी पेला टेबलावर ठेवला. शाल काढली, तिच्या नीट घड्या घातल्या आणि खुर्चीवर ठेवली. वर नारळ ठेवला. मग ते घंगाळाकडे गेले, बाही वर सारून हात पाण्यात घातला, झेंडूच्या पाकळ्या बाजूला करत आपली पाकिटं शोधून काढली. ती सदऱ्याला पुसली आणि खिशात टाकली.

"अहो सहादूभाऊ, असं काय करता?" लताबाई खरोखरच चकित होऊन म्हणाल्या. "रागावलात की काय? मी तर तुमच्याच बाजूनं बोलले!"

"व्हय," बाबा म्हणाले. "ऐकलं मी."

दोघं फाटकापाशी पोचली तोवर माइकनं पुन्हा शिट्टी मारली. ताईंचा प्रयोग काढ्याच्या भांड्यामुळेच यशस्वी झाला, कारण विसळलेल्या पाण्यातसुद्धा आपल्या काढ्याची एवढी ताकद उरते, असं दीपकसर सांगत होते. आधी थोड्या आणि मग भरपूर टाळ्या ऐकू आल्या. अंजलीनं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती तिथंच ओकली असती.

दोघं रिक्षात बसली. "चुकलं माझं, बाबा," ती दोनदा म्हणाली, तेव्हा त्यांनी फक्त तिच्या गुडघ्यावर थोपटलं. घरी आल्यावर मात्र त्यांना मळमळायला लागलं. ते मोरीत उकिडवे बसले. अंजली मागे उभी राहून त्यांची पाठ चोळत राहिली. दुधाच्या सायीला घाबरणारी अंजली, पण तिनं त्यांचं कपाळ धरलं, त्यांचं तोंड पुसलं, तांब्यानं पाणी ओतून सगळं धुऊन काढलं आणि नाक मुरडलं नाही.

"पडलं का सगळं?" तिनं विचारलं.

बाबा भिंतीला हात लावून उठले. चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली.

"पाणी पडलं," ते म्हणाले. "आण ती गोळी."